कालचा आकडा

बर्डे डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मायक्रोस्कोपला शाल पांघरत होते. शाल चांगली लोकरीची, कुठल्याशा सत्कारात मिळालेली, आणि महिना मे. डोंबिवलीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांची रक्त तपासायची लॅब होती. मी तिथे नोकरी मागायला गेले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी शालीचं टोक नीट खोचलं आणि म्हणाले, "जर्मन आहे. याला हात फक्त माझा लागतो." मला वाटलं, केवढा मोठा माणूस, यंत्रावर केवढा जीव. पुढे चार वर्षं तिथे काढल्यावर कळलं की त्या यंत्राला त्यांचाही हात महिन्यातून दोनदाच लागायचा, तोही पुसण्यापुरता.

मोजायचो ते आम्ही, मी आणि आणखी एक तंत्रज्ञ मुलगी, मागच्या खोलीत, खिडकीशी ठेवलेल्या दुसऱ्या देशी मायक्रोस्कोपवर. पुढच्या खोलीत डॉक्टर बसत. गुडघ्यापर्यंत येणारा पांढरा कोट, खिशावर निळ्या दोऱ्याने भरलेलं नाव, खाली पदव्या. हा कोट ते घालून फक्त लॅबमध्ये बसत असते तर माझी काही तक्रार नव्हती. ते तो घालून मेथी आणायला जात. खालच्या भाजीवालीला मेथीतल्या लोहाबद्दल पाच मिनिटं सांगत आणि ती बिचारी हातातली जुडी तशीच धरून ऐकत उभी राहायची. मागे गिऱ्हाइकं खोळंबली तरी हे हलत नसत. आपण बोलतोय म्हणजे समोरच्याचं कल्याणच होतंय याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नसावी.

त्यांचं बोलणं शुद्ध. रक्ताला रुधिर म्हणत. ज्यांच्यामुळे जखमेतलं रक्त गोठतं त्या प्लेटलेट्सना ते बिंबिका म्हणत, आणि आम्ही प्लेटलेट्स म्हटलं की डोळे मिटून घेत. 'शास्त्र' हा शब्द तर दर तिसऱ्या वाक्यात. पेशंट म्हणाला की डॉक्टर, रिपोर्ट जरा लवकर मिळेल का, तर हे म्हणत की शास्त्रात घाई नसते. खरं तर रिपोर्ट तासापूर्वीच तयार असायचा. रिपोर्टच्या कोऱ्या कागदांवर ते सोमवारी सकाळी एका बैठकीत आठवडाभराच्या सह्या करून ठेवत, हिरव्या शाईने, प्रत्येक सहीखाली दोन टिंबं देऊन. आठवडाभर आम्ही त्या सह्यांच्या वर आकडे टाइप करायचो. म्हणजे रोग व्हायच्या आधी निदानावर सही झालेली असायची. मी एकदा हे गमतीने बोलले तर त्यांना ती गंमत कळली नाही. "विश्वास लागतो त्याला," म्हणाले.

पण बर्डे डॉक्टर म्हटलं की मला आधी आठवतो तो त्यांचा प्रश्न. एखाद्या पेशंटचं रक्त दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलं असेल, मी नवा आकडा घेऊन पुढच्या खोलीत गेले असेन, तर ते आकड्याकडे बघतच नसत. हात पुढे करून विचारत, "कालचा आकडा काय?"

याला कारण होतं, आणि सुरुवातीला ते मला पटलंही होतं. त्या काळी आमच्यासारख्या लॅबमध्ये प्लेटलेट्स हाताने मोजायच्या. रक्त एका द्रवात पातळ करायचं, त्याचा थेंब बारीक चौकटी कोरलेल्या जाड काचेवर सोडायचा, ती काच ओल्या टिपकागदासोबत झाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेका चौकटीतले चमकणारे ठिपके मोजायचे. धूळ पडली तर ती प्लेटलेटसारखीच दिसते. रक्त घेताना सुई नीट लागली नाही तर गुठळ्या होऊन आकडा खोटाच कमी येतो. त्यामुळे एकाच रक्ताचे दोन आकडे थोडे वेगळे येणारच. यावर डॉक्टरांनी नियम काढला होता की कालच्या आकड्यापेक्षा आजचा पाचव्या हिश्शाहून जास्त वेगळा आला तर तो रोग नव्हे, हाताचा दोष. मग पुन्हा मोजायचं. ते पुन्हा मोजणं माझ्या आधीच कधीतरी बंद पडलं होतं. उरलं होतं फक्त जुळवणं. डॉक्टर त्याला सांधणं म्हणत. कालच्याला आजचा सांधायचा, आजच्याला उद्याचा.

लोकांना हे फार आवडायचं. टिटवाळ्याहून एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासायला येत. आलेख काढायचा त्यांना नाद. एका शनिवारी त्यांच्या रक्ताची नळी माझ्या हातून पडून फुटली. मी घाबरत पुढे गेले, म्हटलं, त्यांना परत बोलवावं लागेल. डॉक्टर पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "कालचा आकडा काय?" मागच्या आठवड्याचा अकरा पूर्णांक दोन होता. "मग चार लिही," म्हणाले आणि पान उलटलं. मी अकरा पूर्णांक चार लिहिलं. गृहस्थ बरे झाले, कारण ते होणारच होते. त्यांनी तो आलेख फ्रेम करून डॉक्टरांना भेट दिला आणि डॉक्टरांनी तो मागच्या खोलीत, आम्ही डबा खायचो त्या टेबलाच्या वर टांगला. फुटलेल्या नळीतल्या रक्ताचा तो ठिपका रेषेवर अगदी मधोमध होता. मी रोज त्याच्याखाली बसून जेवायचे.

डोंबिवलीतले जुने डॉक्टर म्हणत, बर्डेंचा रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. इतर लॅबचे आकडे खालीवर होतात, बर्डेंचे होत नाहीत. यात सगळ्यात कमाल म्हणजे दरवर्षी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांचं भाषण असे आणि विषय ठरलेला: प्रामाणिक निरीक्षण. मी दोनदा ऐकलं. भाषण उत्तम होतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी, नाहीतर मीही सांधते आहे असं होईल. त्यांचा हात हलका होता. माझी आई आजारी असताना हा माणूस स्वतः कल्याणला आमच्या घरी आला. आईची शीर कुणाला सापडत नसे. यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, तिच्याशी तिच्या माहेरच्या गावाबद्दल बोलत राहिले, आणि रक्त कधी घेतलं ते तिला कळलंही नाही. जाताना चहासुद्धा घेतला नाही. आई शेवटपर्यंत त्यांचं नाव काढायची.

आता भीमाबाई.

भीमाबाई आंबिवलीजवळच्या गावातल्या. साठीच्या आसपासचं वय, काटक अंग, हातावर गोंदण. घरची जमीन इमारतींखाली गेलेली, पण उरलेल्या तुकड्यात अजून स्वतः भाजी लावायच्या. तिथेच बांधावरून घसरून त्यांची उजवी मांडी मोडली. कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, आणि त्याच पायात रक्ताची गाठ धरली म्हणून त्यांना हेपॅरिन सुरू केलं. हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर इनामदार तरुण होते, नुकतेच मुंबईतून शिकून आलेले. रक्त तपासायला आमच्याकडे पाठवताना त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: प्लेटलेट्स रोज. निम्म्यावर आल्या तर ताबडतोब फोन.

मी कल्याणला राहायचे, म्हणून सकाळी नर्सिंग होममध्ये जाऊन रक्त घ्यायचं आणि ते घेऊन डोंबिवलीला जायचं हे काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी इनामदारांनी मला कारण समजावून सांगितलं. क्वचित एखाद्याचं शरीर या औषधावरच उलटतं. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून संपत जातात, आणि रक्त पातळ राहायचं सोडून जागोजागी गोठायला लागतं. औषध चालू ठेवलं तर हात किंवा पाय जातो, कधी जीवही जातो. वेळेवर थांबवलं तर माणूस वाचतो. बाहेरून आधी काही दिसत नाही. एवढंच दिसतं की पाच-सहा दिवसांनी प्लेटलेट्सचा आकडा कालच्यापेक्षा एकदम उतरतो.

म्हणजे कालच्या आणि आजच्या आकड्यातली फट हीच ज्या रोगाची खूण, तो रोग नेमका आमच्या दारात आला, आणि आमच्या डॉक्टरांची सगळी हुशारी ती फट बुजवण्यात होती.

पाच दिवस काही झालं नाही. दोन लाख साठ हजार, दोन पंचावन्न, असेच आकडे. भीमाबाईंची माझ्याशी ओळख झाली. लग्न झालंय का, नवरा काय करतो, सगळं विचारून झालं. एकदा म्हणाल्या, "बाय, रोज माजा रगत नेतस, त्यान काय दिसला त मना पन सांग." मी म्हटलं, चांगलं आहे मावशी. तेव्हा ते खरं होतं.

सहाव्या दिवशी मी मोजलं तर एक लाख साठ हजार. नवा थेंब घेऊन पुन्हा मोजलं. एक पंचावन्न. गुठळ्या आहेत का ते काचेवर रक्त पसरून पाहिलं. नव्हत्या. मी माझ्या कच्च्या वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि पुढच्या खोलीत गेले.

"कालचा आकडा काय?"

"दोन पंचावन्न, सर."

"बाई कशी आहे?"

"उठून बसली होती. चहा प्यायली."

"चहा पिणाऱ्या माणसाच्या बिंबिका एका दिवसात लाखाने उतरत नाहीत," ते म्हणाले. "हाताचा दोष. दोन तीस लिही."

मी त्यांना इनामदारांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली आणि मला विचारलं की निम्म्या झाल्या का. नव्हत्या. "मग?" म्हणाले. मी दोन तीस टाइप केलं. खाली हिरवी सही सोमवारचीच होती.

सातव्या दिवशी एक लाख पाच हजार आले. निम्म्याच्या खाली. मी पुढे गेले तर तोच प्रश्न. मी म्हटलं, काल एक साठ होते सर, आज एक पाच. ते शांतपणे म्हणाले, "कालचा आकडा म्हणजे रिपोर्टवरचा आकडा. तो दोन तीस आहे." मग त्यांनी स्वतःच हिशेब केला आणि दोन दहा सांगितलं. मी म्हटलं, इनामदारांना एक फोन करू का. त्यांनी मला समजावलं की दोन दहा ही उत्तम संख्या आहे आणि उत्तम संख्येसाठी शास्त्रात फोन करत नाहीत. आवाज अजिबात चढवला नाही. तो माणूस कधीच आवाज चढवत नसे, आणि त्यामुळेच त्याच्याशी भांडता येत नसे.

आठव्या दिवशी बासष्ट हजार. रिपोर्टवर एक नव्वद गेले.

इथे सगळा राग डॉक्टरांवर काढून मोकळं होणं सोपं आहे, आणि बरीच वर्षं मी तेच केलं. पण फोन मलाही करता येत होता. लॅबच्या जिन्याखाली पिवळ्या पाटीचा पीसीओ होता, मी रोज दोनदा त्याच्यावरून जायचे. रोज सकाळी मी त्याच वॉर्डात असायचे, इनामदार चार खाटा पलीकडे उभे असायचे. मी त्यांना सांगितलं नाही. मी चोवीस वर्षांची होते, डॉक्टरांना आकड्यावरून खोटं पाडायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, वगैरे कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. त्यांचा भीमाबाईंना उपयोग नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा भीमाबाईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी चादर बाजूला केली आणि डावा पाय दाखवला. मोडलेला उजवा होता. डाव्याची बोटं जांभळी पडली होती आणि पाऊल हाताला गार लागत होतं.

"बाय, यो पाय त माजा चांगला व्हता," त्या म्हणाल्या. "या पायाला काय झाला?"

मी वही घेऊन सरळ इनामदारांकडे गेले आणि पान उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांच्या खिशात आमचे तीन दिवसांचे रिपोर्ट होते. त्यांनी एका हातात ते धरले, एका हातात वही. दोन तीस आणि एक साठ. दोन दहा आणि एक पाच. एक नव्वद आणि बासष्ट हजार. मला वाटलं, आता हे ओरडणार. त्यांनी आधी नर्सला हाक मारून हेपॅरिन काढायला लावलं. मग मला विचारलं, "तीन दिवस?" मी हो म्हटलं. वही माझ्या हातात परत देऊन ते भीमाबाईंच्या खाटेकडे गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी लॅबमध्ये गेलेच नाही. या रोगाची तपासणी तेव्हा फक्त मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात व्हायची. भीमाबाईंच्या रक्तातला वरचा पिवळसर द्रव थर्मासात बर्फावर ठेवून मी तिथे नेला. तिथल्या डॉक्टरबाईंना तपासणीसाठी निरोगी माणसाच्या ताज्या प्लेटलेट्स हव्या होत्या. ॲस्पिरिनने प्लेटलेट्स चिकटेनाशा होतात, म्हणून त्यांनी मला आधी विचारलं, आठ-दहा दिवसांत ॲस्पिरिन घेतली आहेस का? नव्हती घेतली. त्यांनी माझंच रक्त घेतलं. त्यातल्या प्लेटलेट्सचं दुधट पाणी दोन छोट्या नळ्यांत भरलं, दोन्हींत भीमाबाईंचा द्रव घातला, आणि एकीतच हेपॅरिन सोडलं. नळीतून उजेड किती आरपार जातो ते यंत्र मोजायचं आणि कागदावर पेनाने रेघ ओढत जायचं. हेपॅरिन नसलेली नळी गढूळच राहिली. दुसऱ्या नळीतल्या माझ्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून तळाशी बसायला लागल्या, पाणी निवळत गेलं आणि पेनाची रेघ वर वर चढली. रोग तोच होता. बाईंनी विचारलं, आकडा किती दिवसांपासून उतरतोय? मी म्हटलं, तीन. त्या म्हणाल्या, मग इतके दिवस थांबलात कशाला?

चार दिवसांनी भीमाबाईंचा डावा पाय पोटरीतून कापला. जीव वाचला.

इनामदार लॅबमध्ये आले ते त्याच आठवड्यात, तिन्ही रिपोर्ट घेऊन. मी मागच्या खोलीत होते, दार उघडं होतं. बर्डे डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले की तीन दिवसांत अशी पडझड शास्त्रात बसत नाही, मुलीच्या हाताचा दोष समजून त्यांनी ती दुरुस्त केली, आणि त्यांच्या जागी कोणत्याही जबाबदार माणसाने हेच केलं असतं. इनामदार उभेच होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही एकदा तरी स्वतः मोजलंत?" बर्डे डॉक्टरांनी शालीखालच्या जर्मन मायक्रोस्कोपकडे बघितलं, जणू उत्तर त्याने द्यायचं होतं. इनामदार गेले. त्यांच्याकडून परत कधी रक्त आलं नाही. चहा मात्र आला, दोन्ही कप डॉक्टरच प्यायले.

या माणसाबद्दल माझं मत एवढ्यावरच थांबलं असतं तर कदाचित आज मी हे लिहीत बसले नसते. चुकणारी माणसं मी खूप पाहिली, मी स्वतः त्यातलीच. पण दोन महिन्यांनी डॉक्टरांनी माझी कच्ची वही मागितली. गावातल्या डॉक्टर मंडळींच्या सभेत ते भीमाबाईंच्या केसवर बोलणार होते. मला वाटलं, आता हा माणूस चार लोकांत उभा राहून चूक कबूल करणार. मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला. मी वहीला कव्हर घालून ती दिली.

सभेला मी मागच्या रांगेत बसले होते. भाषणाचं नाव होतं 'हेपॅरिन आणि बिंबिका: एक सावध निरीक्षण'. पडद्यावर आलेख आला, चित्रकाराकडून काढून घेतलेला, दोन रंगांत. दोन साठ, दोन पंचावन्न, एक साठ, एक पाच, बासष्ट हजार. रेघ सुंदर खाली उतरत होती. एकही ठिपका सांधलेला नव्हता. डॉक्टर लांब काठीने एकेका ठिपक्यावर टेकवत सांगत होते की आमच्या लॅबने ही घसरण पहिल्या दिवसापासून टिपली होती. खोटं त्यात काहीच नव्हतं. टिपली होतीच. आपल्या भागात हा रोग आकड्यांवरून पकडल्याबद्दल त्यांना आणखी एक शाल मिळाली आणि नारळ. इनामदारांना बोलावलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या टेबलासमोर बसून बोलले. म्हटलं, सर, रिपोर्टवर तर दुसरे आकडे होते.

त्यांनी माझ्याकडे वत्सलपणे बघितलं. "अगं शुभदा, रिपोर्ट पेशंटसाठी असतो," म्हणाले. "आलेख शास्त्रासाठी."

मी त्याच क्षणी राजीनामा देऊन बाहेर पडले असं लिहायला मला आवडलं असतं. दुसरी जागा मिळेपर्यंत मी तिथे आणखी पाच महिने आकडे टाइप केले. वही त्यांनी परत दिली नाही. नवी शाल दुसऱ्या मायक्रोस्कोपला आली, आम्ही मोजायचो त्याला.

भीमाबाई मला पुढे एकदा कल्याणच्या बाजारात दिसल्या. मुलासोबत रिक्षात बसल्या होत्या, कुबड्या मांडीवर आडव्या. त्यांनीच हाक मारली. अजून रगत मोजतेस का विचारलं. मी हो म्हटलं. "नीट मोज गो बाय," म्हणाल्या, आणि रिक्षा सुटली. आकड्यांचं काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. नव्वदीची अखेर. आता मोजायला यंत्र होतं, रक्त आत घेऊन मिनिटभरात चिठ्ठी बाहेर टाकणारं. एका सकाळी चिठ्ठीवर नाव आलं: डॉ. अ. वि. बर्डे. छातीत दुखलं म्हणून दाखल, हेपॅरिन चालू. सोबत एक कागद होता. अक्षर कापरं, शाई हिरवी. 'बिंबिका शुभदाने स्वतः, हाताने मोजाव्यात.' मी त्या हॉस्पिटलात आहे हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

मी वर गेले. कोटाशिवाय ते फारच लहान दिसत होते. दोन्ही हातांवर सुयांचे काळेनिळे डाग होते, कारण ते दिवसातून दोनदा रक्त तपासायला लावत होते आणि इथल्या पोरींचे हात त्यांच्याइतके हलके नव्हते. मला बघून त्यांनी नमस्कार-चमत्कार केले नाहीत. एकदम विचारलं, "आज कितवा दिवस?" औषधाचा सहावा दिवस होता. ते त्यांनाही माहीत होतं. त्या वॉर्डात हा रोग त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. त्यावर त्यांनी भाषण दिलेलं होतं.

मी विचारलं, सर, आंबिवलीच्या भीमाबाई आठवतात? त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण?" म्हणाले. मग, "हां, ती केस."

मी त्यांचं रक्त घेतलं आणि खाली जाऊन कपाटातून जुनी चौकटींची काच काढली. टिपकागद ओला केला, वीस मिनिटं थांबले, दोनदा मोजलं. एक लाख नव्वद हजार. काल यंत्राने एक लाख अठ्ठ्याऐंशी दिले होते. परवा एक ब्याण्णव. त्यांना काहीही झालेलं नव्हतं, औषध त्यांना छान मानवलं होतं. मी वर येऊन आकडा सांगितला.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "कालचा आकडा काय?"

"एक अठ्ठ्याऐंशी."

"आणि परवाचा?"

मी सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. ओठ हलवून ते तिन्ही आकडे मनात म्हणून बघत होते आणि ते एकमेकांना अगदी नीट जुळत होते. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही, उलट आतून थोडं बरं वाटलं, हे कबूल करते. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

"शुभदा, खरं सांग," ते म्हणाले. "मोजलंस, का सांधलंस?"

"मोजलं, सर."

त्यांनी मनगट सोडलं नाही. मी पुन्हा म्हटलं की मी स्वतः, हाताने, दोनदा मोजलं. ते मान हलवत राहिले, आणि मग चादर पायांवरून बाजूला करून आपल्या दोन्ही पावलांची बोटं एकेक करून बघायला लागले.